ऑनलाइन टॉक थेरपी: दार, कान आणि वही

ऑनलाइन टॉक थेरपी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर बोलण्यातून घेतलेले मानसिक उपचार, फसते तेव्हा खापर नेटवर फुटतं. खरं कारण बरेचदा साधं असतं: खोलीचं दार नीट लागत नाही, पलीकडे कुणीतरी टीव्ही बघत बसलेलं असतं, किंवा पाऊण तासात नेमकं काय बोलायचं हे ठरलेलंच नसतं. चिंता, नैराश्य, वियोगाचं दुःख, निवृत्तीनंतरचं रिकामपण, आजारी जोडीदाराची सेवा करून आलेला थकवा, झोप न लागणं, अशा तक्रारींवर व्हिडिओवरून केलेली थेरपी समोरासमोरच्या थेरपीइतकीच लागू पडते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मात्र त्यासाठी आधीची तयारी नीट व्हायला हवी.

१. आधी शरीर तपासून घ्या

साठी ओलांडली असेल तर ही पायरी गाळू नका. थायरॉइडचं काम मंदावणं, बी-१२ची कमतरता, नव्याने सुरू झालेलं एखादं औषध, यांतून आलेली मरगळ हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. ती कितीही बोलून जात नाही. अलीकडे विसरभोळेपणा वाढला असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आत्महत्येचे विचार बळावले असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा दारू सोडताना अंग थरथरत असेल, तर ऑनलाइन अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. जवळच्या रुग्णालयात जा. ज्या घरात मारहाण होते तिथूनही कॉल घेऊ नये, कारण बोलणं ऐकलं जाण्याचा धोकाच जास्त.

२. माणूस निवडताना

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते औषधं लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक मुख्यतः बोलण्यातून उपचार करतात. पहिल्या फोनवर पुढचं सगळं विचारून घ्या, यात संकोच कसला? शिक्षण आणि नोंदणी काय आहे? माझ्या वयाच्या लोकांबरोबर काम केलंय का? पद्धत कोणती आणि साधारण किती सेशन लागतील? कॉल तुटला तर परत कोण लावणार? सेशन रेकॉर्ड होतं का? ऐनवेळी रद्द केलं तर फी लागते का? आपण दुसऱ्या राज्यात किंवा देशात असलो तर तिथे त्यांना उपचार करता येतात का, हेही विचारा. अनेक ठिकाणी परवाना रुग्ण जिथे बसलाय त्या जागेनुसार बघितला जातो.

फक्त चॅटवर चालणारी सेवा असेल तर पलीकडे माणूस आहे की प्रोग्राम, हे स्पष्ट विचारा. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी ‘एलायझा’ नावाचा, वाक्यं उलटवून प्रश्न विचारणारा अगदी साधा प्रोग्राम केला होता. लोक त्याच्याशीसुद्धा मन मोकळं करू लागले. मोकळं वाटलं म्हणजे उपचार झाला असं नाही.

३. दार आणि कान

खोलीची चाचणी अशी करा. आत एकाने नेहमीच्या आवाजात बोलायचं, दुसऱ्याने दार लावून बाहेर उभं राहायचं. शब्द कळले तर बाहेर, दाराजवळ पंखा किंवा रेडिओ लावा. आत लावला तर तुमचाच माइक तो उचलेल. अशी खोलीच नसेल तर उभी केलेली गाडीही चालते.

प्रकाश चेहऱ्यावर यायला हवा. खिडकीकडे पाठ केली की पलीकडे फक्त काळी आकृती दिसते. फोन हातात धरू नका, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा.

ज्येष्ठांच्या बाबतीत खरी मेख कानाची. वयानुसार आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ निसटतात आणि आवाज येतो पण शब्द लागत नाही. फोनचा स्पीकर यात भर घालतो. कान झाकणारे हेडफोन घ्या. श्रवणयंत्र ब्लूटूथचं असेल तर ते थेट जोडा, पण जोडणीचा सराव आदल्या दिवशीच उरकून घ्या. थेरपिस्टचे ओठ दिसायला हवेत, म्हणून शक्यतो टॅबलेट किंवा लॅपटॉप बरा. नेट अडखळायला लागलं की आधी चित्र बंद करा, आवाज सांभाळा. तेही जमलं नाही तर साध्या फोनवर सेशन पूर्ण करा. त्याने फारसं काही बिघडत नाही.

मुलासुनेने लिंक उघडून द्यावी, आवाज तपासावा आणि खोलीबाहेर जावं. खातं मात्र आई-वडिलांच्याच ईमेलवर काढा. नाहीतर थेरपिस्टचे निरोप मुलाच्या फोनवर टणकन वाजतात आणि दुसऱ्या सेशनपासून आई फक्त गुडघेदुखीबद्दल बोलते.

४. पहिलं सेशन

सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं. तुम्ही आत्ता कुठे बसला आहात, जवळच्या कुणाचा नंबर द्याल, असं सुरुवातीला विचारलं जाईल. ही चौकशी नव्हे. मध्येच काही झालं तर मदत नेमकी कुठे पाठवायची, हे कळावं म्हणून आहे.

बहुधा एक प्रश्नावली मिळेल. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर नैराश्य मध्यम किंवा अधिक असण्याची शक्यता धरतात. ज्येष्ठांसाठी हो-नाही उत्तरांची १५ प्रश्नांची वेगळी श्रेणी आहे. तिच्यात झोप आणि भूक मुद्दाम विचारलेली नाही, कारण उतारवयात ती इतर आजारांनीही बिघडते. चांगलं दिसावं म्हणून गुण कमी लावू नका, पुढची सगळी तुलना याच आकड्याशी व्हायची असते.

काय बोलावं हे सुचत नसेल तर ‘गेल्या आठवड्यात सर्वांत जड गेलेली एक वेळ’ कागदावर लिहून न्या. तेवढं पुरतं.

५. वही

विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या पद्धतीत, म्हणजे सीबीटीत, निम्मं काम दोन सेशनच्या मधल्या दिवसांत होतं. वहीत एक नोंद अशी दिसते:

प्रसंग: रविवारी मुलाचा फोन आला नाही.
मनात आलं: मी त्याला ओझं झाले आहे.
भावना: दुःख, १०० पैकी ८०.
बाजूने: गेल्या रविवारीही घाईत ठेवला.
विरुद्ध: बुधवारी औषधं संपली का म्हणून स्वतःहून विचारलं.
आता: दुःख ५०.

८० चे एकदम ० झाले तर ती नोंद बहुतेक थेरपिस्टला खूश करायला लिहिलेली असते. ‘विरुद्ध’ या ओळीत उपदेश नको, घडलेली गोष्टच हवी. ‘मी सकारात्मक राहायला हवं’ हा पुरावा होत नाही. लिहिताना हात कापत असेल तर फोनमध्ये बोलून ठेवा.

सेशन संपल्यावर लगेच स्वयंपाकाला किंवा मीटिंगला धावू नका. दवाखान्यातून घरी येताना मिळतो तो वेळ इथे मिळत नाही. १५ मिनिटं चालून या.

६. चौथ्या ते सहाव्या सेशनला हिशोब

पुन्हा तीच प्रश्नावली भरा. पीएचक्यू-९ मध्ये पाच गुणांची घट ही खरी सुधारणा मानतात. निद्रानाशासाठीची सीबीटी बहुधा सहा ते आठ सेशनमध्ये आटोपते. नैराश्याला बारा ते वीस लागू शकतात. त्यामुळे तिसऱ्यालाच ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणं घाईचं, आणि सहाव्यालाही आकडा जागचा हलला नसताना गप्प बसणं त्याहून चुकीचं. ‘ही पद्धत मला लागू पडत नाहीये, काय बदलायचं?’ असं थेट विचारा. चांगला थेरपिस्ट यावर रागावत नाही; पद्धत बदलतो, औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो किंवा दुसरं नाव सुचवतो. जो रागावतो, तो बदला.