मुलांना बल आणि गती शिकवा: आधी कॅरम, मग लिफ्ट, व्याख्या सगळ्यात शेवटी

घरी मुलांना बल आणि गती शिकवायची म्हटलं की पालक दोनपैकी एक काहीतरी करतात. ऑनलाइन किट मागवतात, नाहीतर पुस्तकातली व्याख्या पाठ करून घेतात. किटमधली प्लॅस्टिकची गाडी आठवडाभरात पलंगाखाली जाते, आणि व्याख्या परीक्षा झाली की जाते. राज्य मंडळाच्या सहावीच्या पुस्तकात बलाचे प्रकार येतात, सातवीत गती आणि कार्य, नववीत न्यूटनचे नियम. न्यूटनचा पहिला नियम घडाघडा म्हणणाऱ्या नववीतल्या मुलाला विचारा, "वर फेकलेल्या बॉलवर वर जाताना कोणतं बल असतं?" दहातली नऊ मुलं सांगतील, "हाताचं." म्हणजे नियम तोंडात आहे आणि डोक्यात भलतंच काहीतरी. सगळी मेहनत त्या भलत्यावर घ्यायची. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत.

सामान घरातलंच: कॅरम बोर्ड आणि पावडर, रबर बँड, बॉल, काचेच्या गोट्या, वायरिंगची दोन हात लांब प्लॅस्टिकची केसिंग पट्टी, आकड्याचा स्प्रिंगकाटा, लाल आणि निळा स्केचपेन.

प्रत्येक प्रयोगाआधी मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा, तोही पेनाने. हे टाळलंत तर प्रयोग संपल्यावर प्रत्येक मूल "मला माहीतच होतं" म्हणणार, आणि तुम्हाला काही बोलता येणार नाही.

१. पडणं. वही आणि सुटा कागद एकाच उंचीवरून सोडा, वही आधी पडते. आता कागद वहीच्या वर ठेवून सोडा. कागद वहीबाहेर येता कामा नये. दोन्ही बरोबर खाली येतात, कारण कागदाच्या वाटेतली हवा वहीने बाजूला सारलेली असते. मग १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडल्याचा व्हिडिओ दाखवा. पुढे चला.

२. बसचा ब्रेक. इथे मला एका वाक्याचा राग आहे: "ब्रेक लागला की आपण पुढे फेकले जातो." कोण फेकतं? कोणीच नाही. बस थांबली, तुम्ही चालतच राहिलात. पाय जमिनीने अडवले, वरचं अंग अडवायला कोणी नव्हतं. मुलाला एसटीत किंवा लोकलमध्ये दांडा धरून उभं करा आणि ब्रेक लागताना दांडा आपल्याला कुठल्या बाजूला ओढतो ते सांगायला लावा. दांडा मागे ओढतो. हे एकदा हाताला जाणवलं की "पुढे फेकणारं बल" आपोआप गळून पडतं. ग्लासवरचा पुठ्ठा झटक्यात ओढून नाणं आत पाडायची ती जुनी करामत करायची तर करा, पण ती जादू म्हणून बघितली जाते आणि जादू म्हणूनच लक्षात राहते.

३. कॅरम. वस्तू थांबते ती तिच्यातला जोर संपल्यामुळे की कोणीतरी तिला थांबवल्यामुळे, हा इथला प्रश्न. बोटाने मारू देऊ नका. प्रत्येक वेळी मार वेगळा बसतो आणि मूल म्हणतं, "या वेळी मी जोरात मारला ना." बोर्डाच्या कडेवर दोन जड पुस्तकं ठेवून त्यांच्यामध्ये रबर बँड ताणा, स्ट्रायकर पेन्सिलने आखलेल्या एकाच रेषेपर्यंत मागे ओढून सोडा. रबर बँड इतकाच ताणा, की पावडर टाकलेल्या बोर्डवर स्ट्रायकर समोरच्या कडेला जेमतेम पोचेल. कडेला आपटून परत आला की मोजमापाचा विचका होतो. हेच सतरंजीवर करा, फरशीवर करा, कोरड्या बोर्डवर करा आणि शेवटी पावडर टाकून करा. अंतरं टेपने मोजून लिहा. पावडर बहुतेक वेळा बोरिक असते, खेळ संपल्यावर मुलांना हात धुवायला लावा.

रबर बँडचा धक्का चारही वेळा तोच होता, मग अंतर वेगळं का? स्ट्रायकरमध्ये ठरावीक जोर भरलेला असता तर तो सगळीकडे सारखाच पुरला असता. मूल इथे जरा गप्प होतं. होऊ द्या. उत्तर सांगायची घाई करू नका.

लगेच केसिंग पट्टी घ्या. तिला इंग्रजी व्ही सारखा बाक द्या आणि एका बाजूने गोटी सोडा. गोटी दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. दुसरी बाजू थोडी खाली करा, गोटी तेवढी उंची गाठायला लांबवर जाते. आणखी खाली करा, आणखी लांब जाते. आता विचारा, दुसरी बाजू अगदी सपाट केली आणि घर्षण अजिबात नसलं तर? सतराव्या शतकात गॅलिलिओ याच वाटेने त्या उत्तरापर्यंत पोचला होता, आणि अकरा वर्षांचं मूलही पोचतं. "मग ती थांबणारच नाही!" हे त्याच्या तोंडून यायला हवं, तुमच्या नव्हे. आलं की व्हॉयेजर १ सांगा. १९७७ साली सोडलेलं हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेपासून दूर चाललं आहे आणि मागून त्याला ढकलणारं इंजिन चालू नाही.

४. वर फेकलेला बॉल. आता खरी अडचण. इथे मुलं अडकतात आणि शिकवणारेही. मीही या पायरीशी बरीच वर्षं झगडले आहे.

मुलाला सांगा, बॉल वर फेकला आहे, तीन चित्रं काढ: वर जाताना, अगदी टोकाला असताना, खाली येताना. प्रत्येक चित्रात बॉलवरच्या बलाचा बाण काढ. बहुतेक वह्यांमध्ये हे दिसतं: वर जाताना बाण वर, टोकाला बाणच नाही, खाली येताना बाण खाली. स्पष्टीकरणही ठरलेलं. हाताने दिलेला जोर मोबाईलच्या बॅटरीसारखा बॉलमध्ये भरलेला असतो, वर जाता जाता तो उतरतो, टोकाला संपतो, मग गुरुत्वाकर्षण सुरू होतं.

या उत्तराला हसू नका. चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँ या विद्वानाने जवळपास असाच सिद्धांत मांडला होता आणि युरोपातली विद्यापीठं तो दोनतीनशे वर्षं शिकवत होती. मूल मूर्ख नाही, ते चौदाव्या शतकात आहे. तिथून त्याला हाताला धरून आणावं लागतं. "चूक, बल फक्त खाली असतं, लिहून घे" एवढं म्हणून ते येत नाही. ते लिहून घेतं आणि परीक्षेत तसंच लिहितं. क्रिकेट खेळताना मात्र चौदाव्या शतकात परत जातं.

चालतो तो उपाय एकच, आणि मी त्यात अजिबात सूट देत नाही. बलाचा बाण लाल पेनाने काढायचा, आणि तो काढायचा असेल तर बाणाच्या शेपटीशी ढकलणाऱ्याचं किंवा ओढणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव नाही तर बाण नाही. नावं दोनच प्रकारची चालतील. वस्तूला त्या क्षणी प्रत्यक्ष टेकलेलं कोणीतरी: हात, जमीन, दोरी, हवा, पाणी. किंवा न टेकता ओढणारं: पृथ्वी, चुंबक, केसांवर घासलेला फुगा. "गुरुत्वाकर्षण" हे नाव मी घेऊ देत नाही, "पृथ्वी" लिहायला लावते. ओढणारी एक वस्तू आहे, हे डोळ्यांसमोर राहायला हवं.

मग संवाद साधारण असा होतो.

"वर जाताना हाताचा बाण आहे ना, ताई."
"हात आता कुठे आहे?"
"खाली."
"बॉलला टेकलाय?"
"नाही... पण त्याने दिलेलं आत आहे."
"आत आहे त्याचं नाव लिही."

नाव सापडत नाही. मूल खोडरबर शोधायला लागतं. खोडू देऊ नका, बाणावर नुसती काट मारू द्या. आधी काय वाटत होतं ते वहीत राहिलं पाहिजे.

आता निळा पेन द्या. बॉलमध्ये काहीतरी आहे असं मुलाला वाटतं ते अगदीच खोटं नाही, बॉलकडे वेग आहे. वेगाचा बाण निळा, आणि त्याला कोणाचं नाव लागत नाही, कारण तो कोणी देत राहावा लागत नाही. कॅरमवर तेच तर पाहिलं. वर जाताना निळा बाण वर आणि पृथ्वीचा लाल बाण खाली, म्हणून निळा आखडत जातो. खाली येताना दोन्ही खाली, म्हणून निळा लांबत जातो. दर सेकंदाला वेगात सेकंदाला ९.८ मीटरचा फरक पडतो, जातानाही आणि येतानाही. हवेचा छोटा लाल बाण कोणी काढला तर त्याला शाबासकी द्या आणि मग तो बाजूला ठेवा.

टोकावर मात्र पुन्हा भांडण होतं. "तिथे तर बॉल थांबलाय, बल शून्यच असणार." इथे समजावत बसू नका, विचारा: पृथ्वीने त्या क्षणी ओढणं सोडलं आणि वेगही शून्य, तर बॉल पुढे काय करेल? तो तिथेच लटकून राहील. हे ऐकून मुलं हसतात आणि लाल बाण स्वतःच काढतात.

ही पायरी एका बसण्यात संपवायचा हट्ट धरू नका. चारपाच दिवसांनी भिंतीवर आदळणारा बॉल, पाण्यात बुडणारा खडा, पतंग, असं काहीतरी देऊन पुन्हा लाल-निळे बाण काढून घ्या. जुना जोर परत आत शिरलेला सापडेल. पुन्हा नाव विचारा.

५. लिफ्ट. हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. स्प्रिंगकाट्याला एक किलो साखरेची पिशवी अडकवा आणि लिफ्टने तळमजल्यावरून निदान सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत जा. काटा सुईचा हवा. डिजिटल काटे आकडा धरून ठेवतात, त्यामुळे ऐन मजेचा क्षण दिसतच नाही. आधी अंदाज लिहून घ्या: एकसारख्या वेगाने वर जाताना काटा किती दाखवेल? मुलं छातीठोकपणे लिहितात, "एक किलोपेक्षा जास्त, वर ओढायचं तर जास्त ओढावं लागणारच." लिफ्ट निघताना सुई किंचित खाली सरकून जास्त वजन दाखवते, मग एक किलोवर येऊन स्थिर राहते आणि थांबताना किलोच्या थोडी आत जाते. मधला सगळा वेळ लिफ्ट वर चाललेली असते आणि काट्याची ओढ पृथ्वीच्या ओढीएवढीच असते. चौथी पायरी नीट झाली असेल तर मूल इथे ओरडतंच. लिफ्टमधले बाकीचे लोक बघतात, बघू द्या.

६. क्रिया आणि प्रतिक्रिया. दोन मुलांना चाकांच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसवा, एकानेच ढकलायचं. दोघंही मागे जातात, हलकं मूल जास्त वेगाने जातं. दोन बाण दोन वेगळ्या चित्रांत काढायचे, एकाच वस्तूवर कधीच नाही. आणि रॉकेट हवेला ढकलून वर जातं असं कोणी शिकवत असेल तर त्याला विचारा, अंतराळात ते कोणाला ढकलतं.

७. गोफण. जुन्या मोज्यात मऊ बॉल घालून डोक्यावर गरगर फिरवायला द्या. "बाहेर ओढणारं बल जाणवतंय" असं मूल म्हणेल. नाव विचारा. बॉलला टेकलाय तो फक्त मोजा, आणि तो आत ओढतोय. मग सोडायला सांगा, पण आधी कुठे जाईल ते जमिनीवर खडूने आखून घ्या. बॉल बाहेरच्या दिशेला जात नाही. सुटताना ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सरळ निघतो. ज्वारीच्या शेतात गोफणीने पाखरं उडवणाऱ्याला हे न शिकताच माहीत असतं, म्हणून तो दगड पाखराच्या समोर आल्यावर नाही, त्याआधीच सोडतो. हे मोकळ्या मैदानातच करा. गच्चीवर नको, आणि मोज्यात दगड तर मुळीच नको.