भूतानच्या टॉवरवर जाण्याआधी

टेलिकॉमचा डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेली मुलं हल्ली विचारतात, भूतानमध्ये काम मिळतंय, जाऊ का? मी तिथे अडीच वर्षं होतो, एका भारतीय कंत्राटदाराकडे, मायक्रोवेव्ह (म्हणजे एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरपर्यंतची बिनतारी लिंक) आणि पॉवरच्या कामावर. जरूर जा. पण पुण्यात टॉवरवर चढलोय म्हणजे तिथेही जमेल, असं धरून जाऊ नका.

देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. रेडिओ १९७३ मध्ये तरुणांच्या एका संघटनेने सुरू केला. टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही १९९९ मध्ये आले, मोबाइल २००३ मध्ये. त्यामुळे कितीतरी घरांत लँडलाइन कधी आलीच नाही, पहिला फोन आला तो थेट मोबाइल. डोंगरावरचा एक टॉवर बंद पडला की खालच्या गावाला डॉक्टरला बोलवायचीही सोय उरत नाही. मला हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं आणि तेव्हापासून ‘साइट डाऊन’ हा शब्द मी सहज वापरू शकलेलो नाही.

म्हणून आधी शिका ते बॅटरी आणि अर्थिंग. रेडिओ लिंकचं नंतर बघू. भूतानमध्ये जलविद्युत भरपूर आहे, पण टॉवरपर्यंतच्या लाइनवर झाड पडलं तर ती वीज काय कामाची? मग सगळा भार २४ सेलच्या बॅटरी बँकवर. सेल २ व्होल्टचा. एकूण व्होल्टेज ४३.२ च्या आसपास उतरलं की सिस्टिम बंद होते. नुसतं एकूण व्होल्टेज बघून खाली उतरू नका. मीटर घेऊन लोडवर, म्हणजे बॅटरीवर भार चालू असताना, एकेक सेल तपासा. तेवीस चांगले आणि एक मेलेला, एवढ्यानेच रात्री दोन वाजता लिंक जाते. अर्थिंगचं तसंच. खडकात खड्डा पुरेसा खोल जात नाही, आणि मीठ-कोळसा टाकून भागवलेलं उन्हाळ्यात कोरडं पडतं. आणि विजाही पडतात. तिथले लोक आपल्या देशाला म्हणतातच ड्रुक युल, म्हणजे गडगडणाऱ्या ड्रॅगनची भूमी.

आता मायक्रोवेव्हची डिश. समोरचं टोक दरीपलीकडे, धुक्यात. एजीसीला (येणारा सिग्नल किती जोरात आहे ते व्होल्टेजमध्ये दाखवणारा पॉइंट) मीटर लावून तुम्ही डिश इंचाइंचाने फिरवता, व्होल्टेज चढतं, पुन्हा उतरायला लागतं. वाटतं, मिळालं! मीही असाच नट आवळून खाली आलो होतो. गणिताप्रमाणे सिग्नलची लेव्हल उणे ४० डीबीएमच्या आसपास हवी होती, मिळत होती उणे ६२, म्हणजे कितीतरी कमकुवत. लिंक चालली, म्हणून मी गप्प बसलो. पहिल्या मोठ्या पावसात ती पडली. डिश साइड लोबवर, म्हणजे मुख्य झोताशेजारच्या कमकुवत झोतावर, बसली होती. तेव्हा एक शिखर मिळालं तरी थांबू नका, दोन्ही बाजूंना आणखी फिरवून बघा, आणि हिशेबातल्या लेव्हलशी ताडा. वीस डीबीचा फरक दिसत असताना ‘चालतंय ना’ म्हणणं चूक आहे.

फायबर बरीचशी विजेच्या मोठ्या लाइनवरून, वरच्या अर्थ वायरच्या आतून गेलेली आहे. रस्ता खचला तरी ती वाचते, हा मोठाच फायदा. पण तुटली तर आधी वीज कंपनीशी बोलायचं, मग स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेले तंतू जोडणं. जगाशी जोडणारी वाट मात्र मुख्यतः फुंत्शोलिंग आणि गेलेफू या सीमेवरच्या गावांतून, भारतातून जाते. सिलिगुडीच्या पट्ट्यात जेसीबीने केबल खणली, तर त्याची झळ थिम्फूत लागते. दक्षिण आशियासाठीचा जीसॅट-९ उपग्रह भारताने २०१७ मध्ये सोडला, त्याचं भूतानमधलं भूस्थानक थिम्फूला आहे.

माणसांचं सांगतो. ‘कुझुझांगपो ला’, म्हणजे नमस्कार, म्हणायला शिका. तो शेवटचा ‘ला’ म्हणजे आपला ‘जी’. डोंगरमाथ्यावर प्रार्थनेच्या पताका असतात. लाइन ऑफ साइटला, म्हणजे दोन डिशमधल्या सरळ रेषेला, आड येतात म्हणून त्यांना हात लावू नका. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते जागा सुचवतात. पाया खणण्याआधी पूजा करायची असेल तर तो दिवस वेळापत्रकातच धरा. दरड कोसळली तेव्हा आमच्या बॅटऱ्या पाठीवर वाहून याच लोकांनी वर आणल्या.

कागदपत्रं: भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण कामासाठी वर्क परमिट लागतंच, कंपनीने ते काढल्याशिवाय सीमा ओलांडू नका. आणि भूतानचं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे. अलार्मच्या लॉगमध्ये दोन्ही वेळा लिहा, नाहीतर केबल आधी तुटली की वीज आधी गेली, हे भारतातल्या टीमला समजावताना अर्धा दिवस जातो.