किल्लीच्या जुडग्यातली चिमुकली बॅटरी: घेताना या चुका टाळा

किल्लीला लावायची एलईडी बॅटरी घेताना माणूस दुकानात काय करतो? बटण दाबतो, झोत समोरच्या भिंतीवर मारतो आणि "पेटता मां, मग झाला" म्हणून पैसे देतो. दिवसाढवळ्या, कोरड्या दुकानात, नव्या सेलवर सगळ्याच बॅटऱ्या पेटतात. खरी परीक्षा मिरगाच्या पावसात असते. माड वायरीवर पडून वाडी काळोखात गेलेली असते, एका हातात छत्री असते आणि दुसऱ्या ओल्या हाताने मागील दाराचं कुलूप शोधायचं असतं.

आपल्या कोकण किनाऱ्यावर या वस्तूचे शत्रू दोनच: न मिळणारा सेल आणि खारी हवा. उजेड कमी पडतो म्हणून टाकून दिलेली बॅटरी क्वचित दिसते. सेल मिळेना किंवा झाकण गंजून बसलं म्हणून खुंटीला लटकलेल्या मात्र घराघरांत सापडतील.

मोबाइलला टॉर्च असताना हे कशाला, असं पोरं विचारतात. भर पावसात ओल्या स्क्रीनवर ओलं बोट फिरवून बघा म्हणावं. शिवाय मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मालवण-देवगडकडची कित्येक गावं दिवसचे दिवस विजेविना होती. अशा वेळी मोबाइलचं चार्जिंग कुलूप उघडण्यात घालवायचं नसतं.

लुमेनच्या आकड्याला भुलणं

बोटभर बॅटरीच्या खोक्यावर "५०० लुमेन" लिहिलेलं दिसलं की थोडा हिशेब करा. लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप. सीआर २०३२ हा चपटा सेल ३ व्होल्टचा, त्याची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला की पाऊण वॉट-तासही भरत नाही. चांगली एलईडी एका वॉटला शंभरेक लुमेन देते, म्हणजे ५०० लुमेनला ५ वॉट हवेत. कागदावरच हा सेल आठ मिनिटांत संपला. प्रत्यक्षात तो एवढी वीज एका दमात देऊच शकत नाही, कारण त्याचा जन्म घड्याळाला आणि रिमोटला थेंबाथेंबाने वीज देण्यासाठी झालेला आहे. चपट्या सेलच्या बॅटरीकडून पाच-सात लुमेन मिळाले तरी खूप झाले, आणि काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना कुलपाचं भोक, पायरी, चपला शोधायला तेवढे पुरतात.

किती तास चालेल, हा आकडाही जपून वाचावा. अमेरिकी मानक एएनएसआय एफएल १ प्रमाणे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे "८ तास" लिहिलं असेल तर शेवटचे काही तास बॅटरी नुसती मिणमिणत असते. अंतराचा आकडा तर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड जिथे पोचतो तिथवरचा असतो. खोक्यावर मानकाचं नाव नसेल, तर आकडा दुकानदाराने घातला की कारखानदाराने, यात फरक नाही.

सेल न विचारता बॅटरी घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विकत घ्यायच्या आधी झाकण उघडायला लावा आणि आत काय आहे ते बघा. तुमच्या तिठ्यावरच्या दुकानात जो सेल मिळतो, तोच लागणारी बॅटरी घ्यावी. बाकी सगळं नंतर.

स्वस्तातल्या बॅटऱ्यांत एलआर ४१ किंवा एलआर ४४ असे गोळीएवढे तीन-चार सेल एकावर एक रचलेले असतात, प्रत्येक दीड व्होल्टचा. हे सेल गावात मिळाले तरी कधीचे पडून असतील याचा नेम नाही, आणि चार सेलची किंमत कधी कधी बॅटरीएवढीच होते. त्यातला एक जरी मेलेला निघाला तरी बाकीचे तीन फुकट.

चपट्या सेलचा घोळ वेगळा. नावातच माप असतं: सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०१६ तेवढाच रुंद, पण १.६ मिलिमीटर जाड. म्हणजे दोन २०१६ एकावर एक ठेवले की जाडी नेमकी एका २०३२ एवढी भरते. पांढऱ्या उजेडाच्या पुष्कळ छोट्या बॅटऱ्यांत दोन २०१६ असतात, कारण पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास किंवा थोडे जास्तच लागतात आणि एकटा सेल दमतो. सेल संपला की माणूस घड्याळवाल्याकडे जातो, तो जाडी बघून एकच २०३२ घालून देतो. बसतो अगदी फिट. व्होल्ट मात्र सहाचे तीन झालेले असतात. बॅटरी मंद पेटते किंवा पेटतच नाही, आणि "गेली वाटतं" म्हणून टाकली जाते. उलटही होतं: एका सेलवर चालणाऱ्या लाल बॅटरीत दोन २०१६ घातले की ती झगझगीत पेटते आणि जळते. म्हणून पहिल्यांदा उघडाल तेव्हा आतल्या सेलचा फोटो काढून ठेवा, नंबर आणि कोणती बाजू वर होती त्यासकट.

माझा कौल रिमोटमध्ये असतो त्या बारीक एएए सेलच्या बॅटरीला. करंगळीएवढी होते, जुडग्यात थोडी जड लागते, पण सेल वाण्याकडेही मिळतो. दोन गोष्टी मात्र पाळा. साधा अल्कलाइन सेल आत विसरला तर गळतो आणि बॅटरी कायमची बसते, तेव्हा जी रोज वापरात नाही तिचा सेल बाहेर काढून ठेवा. आणि ऑनलाइन मिळणारा १०४४० हा लिथियम सेल अंगाने एएए एवढाच असला तरी ३.७ व्होल्टचा असतो. बॅटरीच्या माहितीपत्रकात चालतो असं लिहिलं असेल तरच घाला.

निळसर झोताला "पॉवरफुल" समजणं

पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळी एलईडी, तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर. हलक्या मालात निळा भाग जास्त आणि लाल फारच कमी असतो. भिंतीवर तो झोत झणझणीत दिसतो, पण आपली वाट असते लाल मातीची, चिऱ्याची आणि पातेऱ्याची, म्हणजे वाळल्या पानांची. लालच नसलेल्या उजेडात या सगळ्याचा एकच करडा रंग होतो. फुरसं हे विषारी जनावर, म्हणजे साप, असतं जेमतेम हातभर, रंगाने कातळासारखंच, आणि फिरतं रात्री. कातळावर, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत, चिऱ्यांच्या ढिगात त्याचं राहणं. तिथे उजेड किती आहे यापेक्षा रंग किती खरे दिसतात ते महत्त्वाचं. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या पुढे आणि ४००० ते ५००० केल्विन (उजेड पिवळसर की निळसर त्याचं माप) असं काही दिसलं तर दहा-वीस रुपये जास्त मोजायला हरकत नाही. लिहिलेलं नसेल तर दुकानात झोत भिंतीवर नका मारू, स्वतःच्या तळहातावर मारा. हात मेलेल्या माणसाचा वाटला तर ती बॅटरी ठेवून द्या.

झोत अरुंद नको. कुडाळला दशावतार बघून पाणंदीतून परत येताना समोर शंभर फुटांवर काय आहे त्याच्याशी आपल्याला घेणं नसतं. पुढची चार पावलं आणि दोन्ही बाजूंचे गडगे दिसले पाहिजेत. बॅटरी डोळ्यांजवळ धरू नका. हात खाली सोडून गुडघ्याच्या जरा वर धरा. तिरक्या उजेडात खड्ड्याची, दगडाची आणि जनावराची सावली पडते आणि वस्तू उठून दिसते. पाऊस आणि धुकं असतं तेव्हाही याचा फायदा होतो, कारण थेंबांवरून परत फिरलेला उजेड डोळ्यांत कमी येतो.

"वॉटरप्रूफ" वाचून निर्धास्त होणं

खोक्यावरचा आयपीएक्स आकडा पाणी किती सोसेल ते सांगतो. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. या चाचण्या साध्या पाण्यात होतात. होडीत उडणारं खारं पाणी, किंवा समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरातली बारमाही खारट हवा त्यात धरलेली नसते.

गंज बहुधा सुरू होतो तो बॅटरीत नव्हे, कडीत. पातळ मुलामा दिलेली लोखंडी कडी पहिल्या पावसाळ्यातच तांबूस होते आणि एक दिवस बॅटरी पडून जाते. बॅटरी घेतली की कडी त्याच दिवशी बदला, चांगली स्टीलची टाका. अॅल्युमिनियमच्या बॅटरीवरचा रंगीत थर किल्ल्या घासून निघाला की उघड्या धातूवर पांढरी भुकटी येते, आणि स्टीलची कडी टेकते तिथे ते लवकर होतं, कारण दोन वेगळे धातू आणि मधे मिठाचं पाणी असलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. चपट्या सेलची घ्यायची तर जाड प्लॅस्टिकची घ्यावी. तांब्या-पितळेच्या बॅटऱ्या काळवंडतात, हिरवटही होतात, पण घरच्या भांड्यांसारख्या चिंचेने उजळतात. जड असतात हा एकच दोष, आणि स्कूटरच्या किल्लीला तर कुठलीच जड बॅटरी लावू नये.

झाकणाच्या आत रबराची बारीक ओ-रिंग असते. ती कोरडी पडली की पाणी शिरतं. तिला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात द्यावा, पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती करणाऱ्यांकडे ते असतं. खोबरेल नको, ते चिकटतं आणि आट्यांत वाळू धरून ठेवतं.

बॅटरी खाडीत किंवा समुद्रात पडलीच, तर झाकण बंद ठेवूनच आधी गोड्या पाण्याने धुवा, पुसा, मग उघडा. सेल काढून पंख्याखाली ठेवा.

चार्जिंगवालीची गंमत

यूएसबीवर चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या छान उजेड देतात, पण वीज गेलेली असताना त्यांचं काय करायचं हे आधी ठरवा. पॉवर बँक असेल तरच घ्या. रबरी बूच घट्ट बसतं का बघा, कारण ओल्या पोर्टमध्ये वायर घातली की पिना हिरव्या पडतात. नवीन बॅटरी चार्जच होत नाही अशी तक्रार फार येते. अशा वेळी वायर तपासा. स्वस्त बॅटऱ्यांच्या सी-टाइप पोर्टमध्ये दोन बारीक रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीवर चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली वायर लावा, चार्जिंग सुरू होईल. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्महिने कपाटात ठेवली तर मात्र आतला सेल मरतो, आणि तो बदलायची सोय बहुतेकींत नसते.

बटणाच्या आणि रंगीत दिव्यांच्या भानगडी

बाहेर आलेलं बटण खिशात दाबलं जातं आणि गरजेच्या रात्री सेल संपलेला असतो. बटण खोलगट असावं, किंवा पिळून पेटणारी घ्यावी. पिळायचीच्या आट्या महिन्यातून एकदा पुसाव्यात.

लाल दिव्याची सोय असेल तर ती कामाची आहे. वायंगणी, तांबळडेग, वेळास अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे जातात, पांढरा झोत दिसला की समुद्र सोडून तिकडे वळतात. तिथे बॅटरी बंदच ठेवावी, अगदीच लागली तर मंद लाल.

नोटा तपासायच्या जांभळ्या अतिनील दिव्याखाली विंचू हिरवट-निळा चमकतो, हे खरं आहे. मांगरात (शेतातल्या खोपीत) लाकडं उचलण्याआधी फिरवून बघायला तो उपयोगी पडतो. डोळ्यांत मात्र मारू नका.

पेटत नसेल तर

एलईडी सहसा जात नाही, म्हणून सुरुवात सेलपासून. मल्टिमीटर असेल तर नवा चपटा सेल तीन व्होल्टच्या वर दिसला पाहिजे. सेल उलटा बसलाय का बघा, चपट्या सेलची रुंद, अक्षरं कोरलेली बाजू अधिकची असते. मग सेलची दोन्ही तोंडं आणि आतली पत्री खोडरबराने घासा, कारण घामट बोटाचा पुसटसा थरही पुरतो. पेटते पण लुकलुकते, तर पत्री किंवा स्प्रिंग दबलेली असते, टाचणीने किंचित उचला.

गळलेल्या अल्कलाइन सेलचा पांढरा बुरा असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसावर घेऊन पुसा, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. कोकमाचं आगळ आंबट असलं तरी वापरू नका, त्यात मीठ असतं.

काढलेला चपटा सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांतच भाजल्यासारखी जखम होऊ शकते, सेल संपलेला असला तरीही. संशय आला तरी उलटी करवत बसू नका, थेट दवाखाना गाठा. घरात पोरं असतील तर स्क्रूने बंद होणारीच बॅटरी घ्या. जुने सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून डबीत साठवा, आणि पातेऱ्याबरोबर किंवा न्हाणीच्या चुलीत चुकूनही टाकू नका. आगीत ते फुटतात.