लँग्वेज एक्स्चेंजचे पार्टनर पळून का जातात?

टँडम आणि हॅलोटॉक डाउनलोड केलं, एका संध्याकाळी पंधरा जणांना ‘हाय’ टाकलं, दोघांचं उत्तर आलं, आठवड्याभरात तेही गायब. मग निकाल ठरलेला: ॲप बेकार आहे. ॲपचा दोष क्वचितच असतो. ही देवघेव आहे, तुम्ही त्याला तुमची भाषा शिकवायची, त्याने तुम्हाला त्याची; आणि अर्धी नागपूरकर मंडळी नुसती घ्यायला येतात.

मातृभाषा इंग्रजी?

पार्टनर जास्त मिळतील म्हणून प्रोफाइलवर मातृभाषेच्या जागी इंग्रजी टाकायची, ही सगळ्यात आवडती पळवाट. पार्टनर मिळतातही. पहिल्या कॉलला जर्मन माणूस एखादी बारीक छटा विचारतो आणि इकडे ततपप सुरू. त्याला फसवल्यासारखं वाटतं, दुसरा कॉल होतच नाही. मातृभाषा मराठी लिहा. हिंदी, इंग्रजी ‘चांगली येते’ या रकान्यात. मराठी शिकणारे कमी असतात हे खरं, पण जे असतात ते टिकून राहतात: मराठी घरात लग्न केलेले, परदेशात वाढलेले आणि आजीशी बोलायचं असलेले. हिंदी शिकवणार असाल तर ‘मेरे को जाना है’ घरीच ठेवा. मराठी शिकवताना मात्र आपलं ‘करून राहिलो’ लपवू नका. पुस्तकात ‘करतोय’ आहे, नागपुरात हे म्हणतात, एवढं सांगितलं की झालं. असं पुस्तकाबाहेरचं ऐकायलाच तर समोरचा आलेला असतो.

मार्चचा शेवटचा रविवार

घड्याळाच्या चुकीने जितक्या जोड्या मोडतात तितक्या व्याकरणाने मोडत नसतील. दरवर्षीचा प्रकार असा. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. रविवारी रात्री 9 चा कॉल ठरतो, तिकडे दुपारचे साडेचार. दोनतीन महिने छान चालतं. मग मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांवर येतो. तिकडचा माणूस त्याच्या साडेचारला हजर, म्हणजे आपल्याकडे रात्री 8. आपण जेवायला बसलेले. 9 ला कॉल लावावा तर तो बाहेर पडलेला. पुढच्या रविवारी परत तेच. दोघांनाही वाटतं समोरचा टाळतोय, आणि संकोचापोटी कोणी विचारत नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रकरण संपलं.

उपाय फोनच्या कॅलेंडरमध्ये आहे. कार्यक्रम तयार करताना टाइम झोन बर्लिनचा निवडायचा आणि पार्टनरला आमंत्रण पाठवायचं. मग तुमच्याकडची वेळ आपोआप सरकते. कोणाची वेळ पक्की आणि कोणाची सरकणार हे आधीच बोलून घ्या. सोपी खूण: नागपुरात कूलर माळ्यावरून खाली उतरले की युरोपची घड्याळं तपासा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती परत मागे येतात. अमेरिकेच्या तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार, नोव्हेंबरचा पहिला. जपानला ही भानगड नाही, तो कायम साडेतीन तास पुढे.

कूलरवरून आठवलं. मे महिन्यात डेझर्ट कूलरसमोर बसून लॅपटॉपच्या माइकवर बोलाल तर समोरच्याला नुसती घरघर ऐकू जाते, आणि बिचारा सभ्यपणे ‘हो हो’ म्हणत राहतो. वायरवाला, तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन वापरा, कूलरच्या झोतातून बाजूला सरका. जपानी पार्टनर असेल तर सकाळी 6 चा कॉल ठेवा. तिकडे साडेनऊ वाजलेले असतात, इकडे कूलर बंद चालतो.

पहिला मेसेज

‘हाय’ आणि ‘मला जर्मन शिकवाल का’ हे दोन्ही बंद करा. तो शिक्षक नाही. शिक्षक हवा असेल तर आयटॉकीवर पैसे देऊन मिळतो. तीन वाक्यं पुरतात: त्याच्या प्रोफाइलमधल्या एका गोष्टीबद्दल प्रश्न, तुम्ही काय देऊ शकता, आणि कधी मोकळे असता. तर्री पोह्यांचा फोटो टाकून ‘तुमच्याकडे सकाळी काय खाता?’ विचारलं तरी उत्तर यायची शक्यता ‘हाय’पेक्षा जास्त. पाठवायचे तर दिवसाला दोनच, पण प्रोफाइल वाचून.

भाषांतराचं बटण प्रत्येक ओळीला दाबू नका. पैसे, गुंतवणूक किंवा पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप नंबर मागणाऱ्याला सरळ ब्लॉक.

वेळेची वाटणी

30 मिनिटं त्याची भाषा, 30 मिनिटं आपली, टायमर लावून. टायमर नसला की सोप्या भाषेत, बहुधा इंग्रजीत, तासभर गप्पा होतात आणि शिकत कोणीच नाही. अवघड भाषा आधी घ्या, थकल्यावर ती जमत नाही. दर वाक्याला टोकू नका: ऐकताना चुका कागदावर टिपा, शेवटी त्यातल्या तीनच, सारख्या होणाऱ्या, चॅटमध्ये दुरुस्त करून पाठवा. स्वतःसाठीही एवढंच मागा. आलेल्या तीन ओळी वहीत उतरवून पुढच्या कॉलची सुरुवात त्यांनीच करा.