लांबच्या नदीप्रवासासाठी कनू कशी निवडावी

दुकानात ओळीने मांडलेल्या कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांब, निमुळत्या होड्या, पाहिल्या की माणूस आधी रंग बघतो, मग किंमत. नदीचा नकाशा तोवर पिशवीतच असतो. तो आधी काढा.

कॅनडातल्या युकॉन नदीचंच घ्या. व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी सुमारे ७१५ किलोमीटर, रमतगमत दोन आठवडे. १८९८ साली सोन्याच्या मागे लागलेली माणसं याच पाण्यावरून डॉसनला गेली. या वाटेवर कनू खांद्यावर घेऊन चालावं लागत नाही, आणि हे एकदा कळलं की निम्मा निर्णय झालाच: चार किलो जास्त झाले तरी चालतील, होडी दणकट हवी. ऑन्टारियो प्रांतातल्या तळ्यांवर जाणार असाल तर नेमकं उलट. तिथे एका तळ्यातून दुसऱ्यात कनू वाहून न्यावी लागते, आणि २० किलोची केवलारची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) व ३५ किलोची प्लास्टिकची यांतला फरक पहिल्याच चढावर कळतो.

१. आधी सामान तोला
दोघांचं वजन १५० किलो धरा. दोन आठवड्यांचा कोरडा शिधा तीसेक किलो. तंबू, कपडे, स्टोव्ह, अस्वलापासून अन्न जपायचे डबे, दोर, जादा वल्हं मिळून आणखी साठ. म्हणजे २४० किलो झाले. कंपनीने लिहिलेल्या क्षमतेवर विसंबू नका; प्रत्येक जण ती आपापल्या पद्धतीने मोजतो. मी लिहिलेल्या आकड्याचा निम्माच धरतो.

२. लांबी
दोघांसाठी १७ फूट. सोळा फुटीत सामान उंच रचावं लागतं आणि वारा त्यालाच धरतो.

३. तळ नीट बघा
खरी गोम इथे आहे. अगदी सपाट तळाची कनू दुकानाशेजारच्या शांत पाण्यात पाटासारखी स्थिर वाटते आणि नवखा तिच्यावर भाळतो. पण लाट बाजूने आली की ती लाटेबरोबरच कलते. किंचित गोलसर तळाची सुरुवातीला डगमगते, कलल्यावर मात्र सावरून धरते. व्हाइटहॉर्सनंतर थोड्याच अंतरावर सुमारे ५० किलोमीटर लांबीचं लबार्ज सरोवर लागतं. पाणी बर्फासारखं गार, वारा केव्हा उठेल नेम नाही. तिथे किनारा धरूनच जायचं, आणि होडी गोलसर तळाचीच हवी.

आता कनू सपाट जमिनीवर ठेवा आणि दोन्ही टोकांखाली बोटं घालून बघा. एक-दोन बोटं जात असतील तर उत्तम. मूठ जात असेल तर ती खळाळत्या पाण्यात गर्रकन वळेल, पण सरोवरात सरळ चालवताना तुमचे हात भरून येतील. या वाटेवरचा मोठा खळाळ म्हणजे कारमॅक्स गावाच्या पुढचा फाइव्ह फिंगर. खडकांमुळे तिथे नदीचे पाच फाटे होतात. उजवा फाटा धरायचा. तेवढ्या एका जागेसाठी गर्रकन वळणारी होडी घेऊ नका.

४. साहित्य
अ‍ॅल्युमिनियम टिकतं, पण खडकाला चिकटतं आणि वल्हं लागलं की पातेल्यासारखं वाजतं. केवलार हलकं आणि महाग. खडकाळ किनाऱ्यावर रोज ओढायची असेल तर जीव खालीवर होतो. युकॉनसाठी मी जाड प्लास्टिकचीच घेईन. जुनी रॉयलेक्सची, म्हणजे अनेक थरांच्या प्लास्टिकची, चांगल्या स्थितीत मिळाली तर सोडू नका. ते साहित्य २०१४च्या सुमारास बनायचं थांबलं. मात्र दोन्ही टोकांचा तळ झिजून आतला थर दिसतोय का, ते उलटी करून पाहा.

५. भरून बघा
पाण्याचे कॅन भरून सामानाइतकं वजन ठेवा आणि दोघं बसा. मधोमध काठापासून पाण्यापर्यंत आठ बोटं, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर उरली पाहिजेत. बसल्या बसल्या पाय बैठकीखाली सारा आणि झटक्यात बाहेर ओढा. जाड बूट अडकला तर बैठक फार खाली आहे. होडी उलटल्यावर हा शोध लागणं परवडत नाही.

भारतातून जाणाऱ्यांनी विकत घेण्याच्या फंदात पडू नये. व्हाइटहॉर्सला कनू भाड्याने मिळतात. फक्त डॉसनला सोडता येते का आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे भाडं भरण्याआधी विचारा. वल्हवत परत यायचं म्हटलं तर सगळा प्रवाह उलटा आहे.