साउंड सिस्टिमचं अस्सल सेशन कसं ओळखाल?

लाल-सोनेरी-हिरवा पट्टा, मधोमध सिंह आणि खाली 'अस्सल रूट्स अँड डब', एवढं बघून तिकीट काढू नका. असं पोस्टर कुणीही छापू शकतं. साउंड सिस्टिम, किंवा नुसतं 'साउंड', म्हणजे स्वतःचे स्पीकर आणि रेकॉर्ड घेऊन रेगे वाजवणारी मंडळी, ही जमैकाची देणगी. रूट्स आणि डब हे रेगेचेच प्रकार, आणि साउंडचा कार्यक्रम म्हणजे सेशन. मी लंडनला लुइशममध्ये राहतो आणि एका छोट्या साउंडचे बॉक्स उचलायला, वायरी जोडायला हात लावतो. २०१६मध्ये गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव सुरू झाल्यापासून पुण्या-मुंबईचे मित्र विचारत असतात, की नुसता देखावा कुठला आणि खरं सेशन कुठलं हे कळणार कसं? माझी पद्धत सांगतो.

पैशावरून निकाल देऊ नका. तिकीट लावलं म्हणजे धंदा झाला, हे मला मुळीच पटत नाही. १९५०च्या दशकात जमैकाच्या किंग्स्टनमध्ये ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड यांचे साउंड चालायचे ते दारावरच्या पैशावर आणि दारूच्या विक्रीवर. रीडचं तर स्वतःचं दारूचं दुकान होतं. कॉक्सन अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डची लेबलं खरवडून टाकायचा, का, तर प्रतिस्पर्ध्याला गाण्याचं नाव कळू नये. चढाओढ होती, कमाई होती, आणि त्यातूनच पुढे दोघांचे स्टुडिओ उभे राहिले. म्हणून मी विचारतो ते एवढंच: आलेला पैसा आवाजात आणि संगीतात परत जातोय का?

याचं निम्मं उत्तर बॉक्स बघूनच मिळतं. दारं उघडताच आत शिरा, शक्य असेल तर जोडणी चालू असतानाच. ज्यांचा साउंड आहे तीच माणसं घाम गाळत बॉक्स चढवताना दिसली, तर अर्धं काम झालं. प्लायवूडचे पुरुषभर उंचीचे खोके, आत अठरा इंची स्पीकर, वर्षानुवर्षं गाडीत चढवून-उतरवून उडालेला कोपऱ्यांचा रंग. मग कंट्रोलकडे जा. तिथे बहुधा हाताने बनवलेला प्रीअँप असतो: बेस, मधला आवाज, वरचा आवाज यांची वेगवेगळी बटणं, बाजूला इको आणि सायरनचा डबा. भाड्याची यंत्रणा मंचावर आणि कलाकार तिच्याशी अनोळखी, असं दिसलं तर संध्याकाळ मजेत जाईल, पण साउंड सिस्टिम ऐकली असं म्हणता येणार नाही.

आता ऐकायचं काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं इथेच आहे. १९६८च्या सुमारास स्पॅनिश टाउनचा साउंडवाला रूडी रेडवुड याच्यासाठी डबप्लेट, म्हणजे खास त्याच्या साउंडसाठीची एकुलती रेकॉर्ड, कापताना इंजिनियरकडून गायकाचा आवाज चढवायचा राहून गेला. रेडवुडने ती प्लेट तशीच वाजवली आणि लोक नुसत्या वाद्यांवर स्वतःच गायला लागले. तिथून 'व्हर्जन'ची, म्हणजे गाण्याच्या नुसत्या वाद्यांच्या प्रतीची, चटक लागली, आणि किंग टबीने मिक्सरवर बसून, आवाज काढत-घालत आणि इको देत, त्याचं डब केलं. टबी मुळात ॲम्प्लिफायर बांधणारा, दुरुस्त करणारा माणूस, स्वतःचा साउंड चालवणारा. म्हणजे डब जन्माला आलं तेच या बॉक्ससमोर.

म्हणून सेशनमध्ये पाहा: सिलेक्टर, म्हणजे गाणी निवडून लावणारा, आधी गाणं लावतो, मग रेकॉर्ड उलटून व्हर्जन लावतो का? कंट्रोलवरची बटणं फिरवणारा ऑपरेटर बेस पूर्ण काढून घेतो, फक्त झांज आणि इकोत विरणारा एखादा शब्द उरतो, सगळे थांबतात, आणि मग बेस परत येतो तेव्हा पँटचं कापडसुद्धा थरथरतं. हे हाताने, त्या क्षणी, समोरच्या लोकांकडे बघून होतं. लंडनचा नामांकित साउंडवाला जाह शाका २०२३मध्ये गेला. तो आयुष्यभर एकाच टर्नटेबलवर वाजवत आला. दोन गाण्यांमधली शांतता त्याला कधी अडचण वाटली नाही. गाणं गाण्याला न तोडता चिकटवत जाणं ही वेगळी कला आहे, या सेशनला तिची गरज नाही.

आवाज मोठा म्हणजे साउंड चांगला, असंही नाही. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर छाती हादरते आणि शब्द एकही कळत नाही. इथे छाती हादरूनही माइकवरच्या माणसाचा शब्द न् शब्द कळला पाहिजे. तरी कानात बोळे घालाच, मीही घालतो.

व्हायनलच्या रेकॉर्डचाच हट्ट धरू नका. डबप्लेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या तबकडीवरचा लाखेसारखा थर, वाजवाल तशी ती झिजते. आज अप्रकाशित गाणी फाइलवरूनही वाजतात आणि त्यात खोटं काही नाही. बाजारात न आलेलं गाणं निर्मात्याकडून थेट या साउंडकडे आलंय का, हे महत्त्वाचं.

प्रायोजकाच्या भव्य कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. २०१४मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला रेड बुलच्या कल्चर क्लॅश या साउंडच्या स्पर्धेत रेगेचा जुना ब्रिटिश डीजे डेव्हिड रॉडिगन ज्यात होता तो रेबेल साउंड जिंकला. त्यातल्या डबप्लेट खऱ्या, रॉडिगनची दशकांची मेहनतही खरी. जरूर बघा. पण पहिली ओळख तिथे करून घेऊ नका. त्यासाठी ऑगस्टअखेरच्या रविवारी-सोमवारी लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलला या, तिकीट लागत नाही. अबा शांती-आय हा साउंडवाला तिथे वर्षानुवर्षं ईस्ट रो आणि सदर्न रोच्या कोपऱ्यावर वाजवत आलाय. यंदाची जागा आधी तपासा आणि दुपारी लवकर पोचा, कारण संध्याकाळी सातला सगळं बंद होतं.

तिथे गेल्यावर फर्माईश करू नका. फोन खिशात ठेवा. गाणं आवडलं तर हात वर करा, बॉक्सवर थाप मारा. रिवाइंड, म्हणजे तेच गाणं पुन्हा सुरुवातीपासून, लोकांच्या प्रतिसादावरच मिळतं.

शेवटी खरेदी. कोपऱ्यात रेकॉर्डचं टेबल असेल तर टी-शर्टआधी रेकॉर्ड घ्या. जुन्या रेकॉर्डची पुन्हा छापलेली आवृत्ती असेल तर मागच्या बाजूला परवाना कुणाकडून घेतला ते वाचा. जमैकात आजचा कॉपीराइट कायदा १९९३चा. त्याआधी कित्येक गायकांनी एकरकमी पैशावर गाणी दिली आणि पुढे त्यांच्या हाती काही आलं नाही. मागे काहीच छापलेलं नसेल तर टेबलावरच्या माणसाला सरळ विचारा, की गायकाला यातून किती मिळतं? ज्यांनी नीट करार केलेत ते न चिडता सांगतात. उडवाउडवीचं उत्तर आलं तर रेकॉर्ड परत ठेवा आणि ते पैसे पुढच्या सेशनच्या तिकिटाला वापरा.