गाडीचा तळपत्रा शांत कसा करावा: घरच्या घरी, तीन दिवसांत

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाहून आईला दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं. तिला ऐकू कमी येतं. घरात बोललेलं कळतं, पण आमच्या जुन्या छोट्या गाडीत मागच्या सीटवर बसली की ती नुसती मान हलवायची. खालून टायरची घुमघुमच एवढी यायची. एकदा तिनं दोनदा पाणी मागितलं आणि मला पुढे ऐकूच आलं नाही. तेव्हा ठरवलं, या तळपत्र्याचं काहीतरी करायचं.

आता गावोगाव सिमेंटच्या सडका झाल्या आहेत. समृद्धी महामार्गही सिमेंट काँक्रीटचाच. डांबरापेक्षा सिमेंटवर टायर जास्त आवाज करतो. छोट्या गाडीचा तळ म्हणजे पातळ पत्रा. रस्त्याचा थरकाप चाकांतून त्यात उतरतो आणि पत्रा ताशासारखा वाजतो. घरातलं स्टीलचं ताट हातात धरून चमच्यानं वाजवा, मग खालून तळवा टेकवून पुन्हा वाजवा. टणत्कार जातो, ठप्प आवाज उरतो. पत्र्याला चिकटवलेला रबरी थर त्या तळव्याचंच काम करतो. पत्र्याच्या थरकापाची तो उष्णता करतो आणि जिरवतो.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. यानं घुमघुम आणि खडखड कमी होते. वाऱ्याची शीळ किंवा दाराच्या जुन्या रबरातून येणारा आवाज यानं जात नाही. आवाज निम्मा झाल्यासारखा कानाला वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते, आणि एकट्या तळपत्र्यातून तेवढी मिळत नाही. घुमघुमीवर मात करून बोलणं ऐकू यावं एवढा फरक पडतो, आणि मला तेवढाच हवा होता.

आधी चाकं तपासा

मी साहित्य आणायला निघालो तेव्हा गावातल्या मिस्त्रीनं थांबवलं. "आधी चाकं पाय न भाऊ, मंग पत्र्याले हात लाव." त्याचं खरं होतं. सरळ रस्त्यावर येणारी घुमघुम गाडी वळवताना वाढत किंवा कमी होत असेल, तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. टायरवर हात फिरवून पाहा. करवतीच्या दातांसारखे उंचवटे लागले, तर टायर वेडावाकडा झिजला आहे. हवा नेमकी भरून घ्या. यातलं काही बिघडलं असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर थराचे पैसे वाया जातील.

मग फोनवर आवाज मोजायचं ॲप घ्या. एकाच रस्त्यावर, एकाच वेगानं, काचा बंद आणि पंखा बंद ठेवून आकडा लिहून ठेवा. काम झाल्यावर तस्साच मोजायचा.

दिवस कोणते निवडावे

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. पोळा ते दसरा या काळात तर हातच लावू नका, कारण पत्र्यात ओल राहते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा ब्रशनं लावायच्या लेपावर वरून साय धरते आणि आत ओला राहतो.

उघडणं

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा आणि १०-१५ मिनिटं थांबा. सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्शन दिसेल, ते एअरबॅगचं किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचं असतं. थांबल्याशिवाय ते सोडवू नका आणि ते सुटलेलं असताना चावी फिरवू नका. पुढच्या एका सीटचे बोल्ट बहुतेक गाड्यांत चारच असतात. १०, १२ आणि १४ नंबरचे सॉकेट पाने जवळ ठेवा. मग दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या आणि सीटबेल्टचा खालचा बोल्ट काढून कार्पेट पुढून मागे गुंडाळत बाहेर घ्या. प्रत्येक बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा आणि डबीवर नाव लिहा. सोडायच्या आधी तारांचे फोटो काढून ठेवा.

आमच्या कार्पेटखाली काय निघालं असेल? मूठभर सरकी, तुरीचे दाणे आणि काळ्या मातीचा वाळलेला पापुद्रा. उंदरानं सीटखाली घर केलं होतं. तिथल्या वायरीचं आवरणही त्यानं कुरतडलं होतं, ते आधी नीट करून घेतलं.

खरं काम: साफ करणं

यावर जेवढा वेळ घालाल तेवढं काम टिकेल. आदल्या वर्षी श्रावणात मी घाईनं थर चिकटवला होता. पत्रा वरून कोरडा वाटत होता, पण जोडांत ओल होती. हिवाळ्यात एक पट्टी उचलली तर खाली तांबेरा धरलेला. थरानं पाणी आत कोंडलं होतं. त्याखाली चाललेलं काहीच वरून दिसत नाही.

म्हणून आधी माती झाडून व्हॅक्युमनं ओढा. साबणाच्या पाण्याचं पिळलेलं फडकं फिरवा, पाणी ओतू नका. गंज दिसला तर तारेच्या ब्रशनं घासून प्रायमर लावा. मग दारं उघडी ठेवून एक अख्खा दिवस उन्हात सुकू द्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पांढरं फडकं शेवटच्या हाताला पांढरंच राहिलं पाहिजे.

तळपत्र्यात रबरी बुचं असतात. ती जागेवर घट्ट आहेत का ते पाहा, त्यांच्यावर थर चढवू नका. पुढेमागे पाणी शिरलं तर तिथूनच काढायचं आहे.

थर कोणता आणि किती

ॲल्युमिनियमची पातळ फॉइल असलेली ब्युटाइल रबराची २ मिलिमीटरची चादर सपाट भागाला उत्तम. गच्चीवर लावायची डांबरी पट्टी स्वस्त मिळते, पण ती कोणी सुचवली तरी घेऊ नका. उन्हात बंद गाडी तापली की ती मऊ पडते आणि तिचा वास गाडीत बसतो. ज्या घरात दम्याचं माणूस आहे तिथे तर नकोच.

बोटाच्या पेरानं पत्रा वाजवत जा. जिथे टण् वाजतं तिथे पट्टी लावा. ठप्प वाजतं तिथे गरज नाही. सगळा तळ झाकला पाहिजे असं नाही. मोठ्या सपाट भागांचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी झणझण बरीच बसते. चादरीचं वजन चौरस मीटरला साधारण तीन-चार किलो असतं. छोट्या गाडीवर उगाच ओझं लादू नका.

चादर हातमोजे घालून कापा, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. कागद सोलून एका टोकापासून बसवा आणि छोट्या रोलरनं जोर लावून दाबत न्या. फॉइलवरची नक्षी चपटी झाली की बसली समजा. सकाळी थंडीत ती कडक असते, हीट गननं थोडी कोमट करून घ्या.

नागमोडी भाग, जोड आणि चाकांवरचे घुमट इथे चादर नीट बसत नाही. तिथे ब्रशनं लावायचा पाण्यातला आवाजरोधक लेप वापरा. बोल्टची भोकं, अर्थिंगच्या जागा, क्लिपा आणि बुचं आधी मास्किंग टेपनं झाका. लेप पातळ लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू देऊन दुसरा, मग तिसरा हात द्या. एकदम जाड थापलात तर भेगा पडतात.

शेवटी वरून ५-६ मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम अंथरा. पाणी पिणारा स्पंज किंवा गोणपाट नको, श्रावणात मी शिकलो तेच पुन्हा घडेल.

परत बसवणं

कार्पेट टाकताना बोल्टची भोकं चाकूनं मोकळी करा, नाहीतर सीट तिरपी बसते. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनं टॉर्क पान्यानं आवळा. हा पाना घरी नसेल तर बोल्ट हातानं बसवून घ्या, गाडी न चालवता मिस्त्रीला बोलावून आवळून घ्या. अंदाजावर सोडू नका, अपघातात माणसाला धरून ठेवणारे हेच बोल्ट आहेत. पिवळी कनेक्शनं लावा, मगच बॅटरीची तार जोडा. एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे.

पहिला मोठा पाऊस झाला की ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट उचला आणि फोमखाली हात घाला. ओल लागली तर बहुधा एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते किंवा दारातलं प्लास्टिक सुटलेलं असतं. त्याच आठवड्यात कारण शोधा, फोम बाहेर काढून वाळवा आणि पत्रा कोरडा झाल्यावरच परत घाला.